आतून कडी

"पिंपळनेरचं पाहिलंय, साहेब," असं शालिग्राम बोलून गेला आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच कळेना की हे आपल्या तोंडून निघालं कसं. बैठक साधीच होती. नव्या कायद्याप्रमाणे जळगावला नवं निरीक्षणगृह बांधायचं होतं. कागदावर निरीक्षणगृह, बोलण्यात सगळ्यांच्याच रिमांड होम. जागा ठरली होती, शहराबाहेर, एमआयडीसीच्या पलीकडे. ती ज्यांनी दिली ते मदनलालजी पांढऱ्या टोपीवर बोटं फिरवत बसले होते. वाळ्याच्या पडद्यावर शिपायानं नुकतंच पाणी मारलं होतं, त्याचा ओला वास खोलीत होता. मोठ्या साहेबांनी सहज विचारलं, "उपअभियंता, तुम्ही असलं एखादं ठिकाण आतून पाहिलंय का कधी?" त्यावर शालिग्राम हे म्हणाला. "पिंपळनेरला कुठं आलं रिमांड होम?" साहेब म्हणाले. शेजारी टिपणं घेत असलेल्या अभिमनआप्पांनी, म्हणजे कचेरीच्या हेडक्लार्कनी, मान वर केली. शालिग्राम हसला, म्हणाला, "नाही, तिथलं आश्रमशाळेचं वसतिगृह म्हणतोय मी, साधारण तसंच असतं." साहेब "बरं" म्हणाले आणि बैठक विटांच्या दराकडे वळली. पण शालिग्रामच्या कानाच्या पाळ्या बैठक संपेपर्यंत तापलेल्याच राहिल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसानं एका गावाच्या नावावरून असं लाजावं, याचा त्याला स्वतःचाच राग आला.

पिंपळनेर हे त्यांच्या घरात गावाचं नाव नव्हतंच. ती एक झाकणी होती. शालिग्राम सहा वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ भिकन घरातून नाहीसा झाला. शिंदखेड्याच्या स्टेशनवर सुरतेकडची गाडी थांबली, तेरा वर्षांचा भिकन तीत चढला, का चढला ते कुणालाच कधी कळलं नाही, आणि पुढं कुठल्या तरी जंक्शनवर बिगरतिकीट सापडला. मग काही दिवसांनी घरी एक पोलीस आला, ओट्यावर बसून पाणी प्याला, आणि गेला. आबा, म्हणजे त्यांचे वडील, आत आले आणि एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. अक्कल ई." पोरगं आठ महिने तिथंच, रिमांड होममध्ये राहिलं. गावात सांगितलं, पिंपळनेरला मामाकडे आहे. आई झुंबरबाई हे इतक्या वेळा सांगायची की सांगताना ती मामाच्या शेतातल्या आंब्यांचंही वर्णन करायला लागली. लहान शालिग्रामला पिंपळनेर म्हणजे फार गोड गाव वाटायचं. एकदा त्यानं हट्ट धरला, मालेबी पिंपळनेरले धाडा, तेव्हा आईनं त्याच्या तोंडात मारली, आणि मग त्यालाच पोटाशी धरून रडली. हे त्याला आजही लख्ख आठवत होतं, तिच्या हाताला लागलेल्या ज्वारीच्या पिठासकट. खूप नंतर, नोकरी लागल्यावर, रस्त्याच्या कामासाठी तो खरोखरीच पिंपळनेरला गेला. मामींनी चहा दिला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "भिकन? तो कवा ऱ्हायना आमना घर?" तेव्हा त्याला समजलं. घरी येऊन त्यानं आईला विचारलं. तिनं भाकरी थापत थापत चार वाक्यांत सांगून टाकलं आणि म्हणाली, आते हाई मांगे टाक. त्यानं मागे टाकलं. भाऊशी, म्हणजे भिकनशी, तो या गोष्टीबद्दल कधीही, एका शब्दानंही बोलला नव्हता. भाऊही नव्हता बोलला.

आणि आता तो तसल्याच जागेचा नकाशा काढत होता. वरून आलेला नमुना नकाशा टेबलावर पसरलेला होता. छपाईच्या अमोनियाचा उग्र वास अजून त्याच्या कागदाला होता. एक लांब निजण्याची खोली, खिडक्या डोक्याच्या वर, जेवणाचा व्हरांडा, कोपऱ्यात शिपायाची चौकी, आणि मागच्या अंगाला एका ओळीत संडास. शालिग्रामचं काम फक्त तो नकाशा इथल्या जमिनीवर बसवायचं, उतार बघायचा, पाया किती खोल ते काळ्या मातीप्रमाणे ठरवायचं. असल्या कामात त्याचा हात बसलेला होता. पण आठवडाभर त्याचा हात चालेना. पट्टी लावावी, पेन्सिलीला टोक करावं, पुन्हा पट्टी बाजूला ठेवावी. त्याला वाटे, ही खिडकी आपण इथं काढतोय, हिच्याखाली भाऊ उभा राहिला असेल तर त्याला काय दिसलं असेल? पंख्याचं पान. नाहीतर आभाळाचा एक तुकडा. तो खिडकी खाली घेई, मग पुसून पुन्हा वर नेई. बाजूला बसणारा आरेखक त्याच्याकडे बघे. घरी प्रमिला म्हणाली, "जेवताना तरी कागद सोडा." त्यानं तिला काही सांगितलं नाही. प्रमिलाला तरी कुठं माहीत होतं? लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि तिच्या लेखी भाऊजी म्हणजे शिंदखेड्याचे पिठाची गिरणी चालवणारे, कमी बोलणारे, सणाला पोरांच्या हातावर गुळाचे खडे ठेवणारे गृहस्थ. त्यात आता भाऊच्या मुलीचं, सुरेखाचं, जमत आलं होतं. मुलगा जळगावचाच, अभिमनआप्पांचा सख्खा पुतण्या. हे स्थळ शालिग्रामनंच सुचवलं होतं आणि त्याचा त्याला अभिमानही होता. अशा वेळी जुनं उकरायचं म्हणजे काय, हे कुणी त्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तरीही रविवारी तो गाडीत बसला. अंमळनेर गेलं, नरडाणा यायच्या आधी बाहेरची शेतं भाजून निघालेली दिसत होती, आणि शालिग्राम स्वतःशी भांडत होता. विचारायचं कशाला? तुला नकाशा बसवायचा आहे की भाऊची जखम बघायची आहे? सरळ सांग ना, तुला कुतूहल आहे. लहानपणापासूनचं. आपला भाऊ आठ महिने कुठं होता, काय खात होता, कुणाच्या शेजारी निजत होता, हे तुला जाणून घ्यायचंच होतं, आणि आता सरकारी कामाचं निमित्त मिळालंय. या विचारानं त्याला स्वतःची शिसारी आली. पुढच्या स्टेशनला उतरून परत फिरावं असंही वाटलं. पण मग डोळ्यांपुढं ते मागच्या अंगाचे संडास आले, एका ओळीत, आणि त्यांत काहीतरी खुपत होतं. काय, ते त्याला सांगता येईना. शिंदखेड्याला उतरला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटलेला होता.

गिरणी चालू होती. भाऊ पट्ट्याच्या पलीकडे उभा, भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ. शालिग्रामला बघून त्यानं मान हलवली, हातातला डबा रिकामा केला आणि जवळ येऊन मोठ्यानं म्हणाला, "आज अचानक कसा उना?" गिरणीत मोठ्यानं बोलावंच लागतं. त्या गावात गिरणीत बोलणं म्हणजे ओरडणं, आणि ओरडलेलंही दारापलीकडे जात नाही. एक बाई दळण घेऊन गेली, मग दुपारचं कुणी येईना. भाऊला गिरणी बंद करायची होती, शालिग्रामनं त्याचा हात धरला. "चालू ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. भाऊनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग उगीचच थोडी ज्वारी वर टाकली, दगड कोरडे फिरू नयेत म्हणून. शालिग्राम त्याच्या कानाशी वाकला. आपण काय बोललो ते त्याला पुढंही नीट आठवलं नाही. नवं रिमांड होम, नकाशा माझ्याकडे शे, तू तठे व्हता, असं काहीतरी तुटक. त्याला वाटलं, आता भाऊ आपल्याला इथून हाकलून देईल, आणि त्यानं तसं केलं तर ते योग्यच होईल.

भाऊ बराच वेळ पिठाच्या धारेखाली हात धरून उभा राहिला. दळण जाड येतंय की बारीक, ते बघतात तसा. मग तो वाकला आणि शालिग्रामच्या कानात बोलायला लागला, आणि शालिग्रामला पहिल्यांदा कळलं की भाऊचा आवाज त्यानं इतक्या जवळून कधी ऐकलेलाच नव्हता.

"तठे संडासले दार नव्हतं," भाऊ म्हणाला. "लाइनमा बठाडेत. समोर शिपाई उभा ऱ्हाये. बठ्ठा पोरे देखेत. मी चार चार दिन जाये नही. पोट दुखे. मंग मारेत, नाटकं करस म्हनीसन."

त्यानं पिठाचा हात धोतराला पुसला.

"खावाले भेटे. खेळाले बी भेटे. त्यानं काही नही. तू खिडकी कोठे बी काढ. पन दार ठेव. अर्धं ऱ्हायनं तरी चाली, डोकं दिसू दे, पाय दिसू दे. पन कडी मझारथीन पाहिजे. पोर्याना हाते लागाले पाहिजे."

आतून कडी. भाऊनं दहा वर्षांपूर्वी घरामागं संडास बांधला, आळीतला पहिलाच, आणि त्याला सागाचं दार बसवलं. जाड, पितळी कडीचं. घराचं पुढचं दार तेव्हाही बाभळीच्या फळ्यांचंच होतं आणि अजूनही तसंच होतं. सगळी आळी हसली. शालिग्राम तर दर दिवाळीला हसायचा, भाऊ, तुझं सोनंनाणं तिकडे असतं का रे? भाऊही हसायचा. पुष्पावहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. इतकी वर्षं आपण इंजिनिअर म्हणून मिरवलो, लोकांना दारं-खिडक्या काढून दिल्या, आणि आपल्याच भावाच्या घरातलं ते दार आपल्याला वाचता आलं नाही, याची त्याला फार लाज वाटली. त्याला भाऊचे पाय धरावेसे वाटले. पण गिरणीत दोन प्रौढ माणसं, पिठानं माखलेली, असलं काही करत नाहीत.

"साहेब मानी का?" भाऊनं विचारलं.

"इचारतीन, हाई कोनी सांगं म्हनीसन."

"मंग मन्हं नाव सांगजो," भाऊ म्हणाला. "मन्हा भाऊ तठे व्हता, त्यानं सांगं, अशे सांग."

शालिग्राम म्हणाला, "भाऊ, सुरेखाचं जमतंय." त्याच्या तोंडून गावची बोली निसटून शहराची आली होती. भाऊनं पट्टा उतरवला, गिरणी मंद मंद होत थांबली, आणि एकाएकी बाहेरचं सगळं ऐकू यायला लागलं, सायकलची घंटा, कुणाचं तरी पोर. मग दोघं घरी जाऊन जेवले. वहिनींनी शेवेची भाजी केली होती. सुरेखा ताट वाढून लाजत आत गेली.

परत आल्यावर शालिग्रामचा हात चालायला लागला. त्यानं एका सकाळीत संडासांची ओळ नव्यानं काढली, प्रत्येकाला अर्धं दार, खालून वीतभर मोकळं, वरून मुलाचं डोकं दिसेल इतकं, आणि कडीचा तपशील वेगळा मोठा करून काढला. मोठ्या कामांतही तो कडीचा तपशील कधी काढत नसे. त्याला एक प्रकारचा उत्साह आला होता, आणि त्या उत्साहाखाली भीतीही होती. कचेरीच्या संडासात गेला की तो आतली कडी लावून उगीच बसून राही, तिच्याकडे बघे. गंजलेली, साधी लोखंडी कडी. रोज किती जण ती न बघता लावत असतील. सांगायचं, असं तो तिथं बसून ठरवी. भाऊनं सांगितलंय तर सांगायचं. मग बाहेर येई, अभिमनआप्पा समोरून जाताना "काय शालिग्रामराव" म्हणत, आणि ठरवलेलं कुठं जाई कोण जाणे. आप्पांच्या वागण्यात या दिवसांत थोडं जास्तच मऊपण आल्यासारखं त्याला वाटे. एकदा ते त्याच्या टेबलाशी आले, काही बोलायचं असल्यासारखे उभे राहिले, "उन्हाळा फार आहे यंदा," म्हणाले आणि गेले. सोयरिकीचं माणूस, असंच वागणार, त्यानं मनाशी म्हटलं. आणि हेच मऊपण आपल्या एका वाक्यानं करपून जाईल. सुरेखा ताट वाढून लाजत आत गेली होती. तिची सोयरीक एकदा मोडली की गावात तिचं काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. भाऊला काय, भाऊ भोळा आहे. निर्णय आपल्यालाच घ्यावा लागणार. अशी तो समजूत घाली आणि ती समजूत त्याला रात्रभर पुरत नसे.

दुसऱ्या बैठकीत साहेबांनी नकाशा उलगडला आणि मागच्या अंगाशी आल्यावर थांबले. "हे काय काढलंय? संडासाला दारं? आत बसून विड्या ओढतील. जिवाचं बरंवाईट करून घेतील, मग उत्तर कोण देणार?" शालिग्रामनं सांगितलं, दार अर्धं आहे, वरून दिसतं, खालून दिसतं, कडी बाहेरूनही पट्टीनं उघडता येते. आवाज बरा निघाला. साहेब ओठ मुडपून बघत राहिले. तेवढ्यात मदनलालजी पुढं वाकले, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "साहेब, मला तर हे पटलं. माणसाची लाज राखली तर माणूस सुधारतो." मग शालिग्रामकडे वळून अगदी कौतुकानं विचारलं, "पण भाऊ, हे सुचलं कुणाला? आम्ही इतके जण बसलो, आमच्या कुणाच्या डोक्यात नाही आलं."

तो क्षण फार लांबला. निदान शालिग्रामला तसं वाटलं. कुणी दरडावून विचारलं असतं तर कदाचित त्यानं सांगितलंही असतं, चिडून, एकदाचं. पण विचारणारा माणूस प्रेमानं विचारत होता. खोलीत वाळ्याचा वास होता. अभिमनआप्पांनी लेखणी कागदावर टेकवून ठेवली होती आणि ते सरळ त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत घाई नव्हती, संशयही नव्हता. ते नुसते वाट बघत होते. मन्हा भाऊ तठे व्हता. तोंडात शब्द तयार होते. आणि त्याच वेळी त्याला सुरेखा दिसली नाही, भाऊही दिसला नाही. त्याला दिसलं की उद्यापासून या इमारतीत आपण चालत गेलो की आरेखक, कारकून, शिपाई आपल्याकडे कसे बघतील. उपअभियंत्याचा भाऊ रिमांड होममधला. हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं.

"पुण्याकडे एके ठिकाणी असं केलेलं आहे, साहेब," तो म्हणाला. "वाचनात आलं होतं."

"पुण्याकडे केलंय का? मग हरकत नाही," साहेब म्हणाले आणि नकाशावर सही केली. अभिमनआप्पांनी मान खाली घातली आणि पुण्याच्या धर्तीवर असं लिहिलं. लिहिताना ते अंमळ थांबले होते. मदनलालजींनी सगळ्यांना ताक मागवलं.

पुढच्या सोमवारी भाऊ जळगावला आला. गिरणीचा पट्टा तुटायला आला होता, नवा घ्यायचा होता. सरकारी क्वार्टरच्या ओट्यावर तो चप्पल काढून बसला, प्रमिलानं पाणी दिलं. तिला आत भांडी घासणारीशी काही बोलायचं होतं म्हणून ती गेली. शालिग्रामनं स्वतःहूनच घाईनं सांगितलं, "दारं मंजूर झाली, भाऊ. सगळी. कडीसकट." सांगताना त्याला खरा आनंद झाला होता, आणि त्या आनंदात बाकीचं बुडून जाईल असं त्याला वाटलं. भाऊच्या चेहऱ्यावरही हळूहळू हसू आलं. त्यानं पेला खाली ठेवला.

"मंग, मन्हं नाव सांगं का?"

"गरज नाही पडली, भाऊ," शालिग्राम म्हणाला. "तसंच मान्य केलं त्यांनी."

भाऊनं मान हलवली. ओट्यापुढून एक केळ्यांचा ट्रक गेला, धूळ बसू नये म्हणून त्यानं पेल्यावर हात धरला.

"मी तं सांगी टाकं," तो म्हणाला.

"कोणाला?"

"बठ्ठासले. पुष्पाले सांगं. सुरेखाले सांगं. मंग व्याहीना घर जाईसन सांगं. हापिसमा मन्हं नाव निंघी, त्यास्ले दुसराना तोंडथीन समजाले नको. अभिमन आप्पा बी व्हतात तठे."

"कव्हय?" शालिग्रामनं विचारलं.

"तू घर ईसन गया ना, त्याना दुसरा दिनले."

म्हणजे बैठकीच्या किती तरी आधी. लेखणी टेकवून बसलेले आप्पा, त्यांचं ते वाट बघणं, आणि मग खाली घातलेली मान. टेबलाशी येऊन उन्हाळ्याबद्दल बोलून गेले होते तेही. त्या खोलीत एक माणूस सगळं माहीत असून बसला होता, आणि त्याच्या देखत आपण पुण्याचं नाव घेतलं. कोणाला वाचवलं आपण?

"व्याही काय बोलनात?" कसंबसं त्यानं विचारलं.

"चहा पाजा. इचार करतस म्हने." भाऊ म्हणाला. "पुष्पा रडनी. पोर म्हने, दादा, बरं सांगं. नही म्हनतीन तं नही." त्यानं पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "पन माले झोप लागस आते."

आतून प्रमिलानं चहाला आलं घालू का म्हणून विचारलं. भाऊ चप्पल पायात सरकवू लागला, दुकान बंद व्हायच्या आत पट्टा घ्यायला हवा होता. उभा राहून त्यानं शालिग्रामच्या खांद्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवत असे तसा.

"ऱ्हायनं व्हई तुन्हाकथीन," तो म्हणाला. "उद्या सांगजो."

"सांगतो," शालिग्राम म्हणाला.

भाऊनं त्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि खांद्यावरचा हात काढून घेतला.